वीस मिनिटांची राखण कोणी करायची?

दरवर्षी आठ मार्चच्या आगेमागे मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी महिला मेळावे होतात आणि गेल्या काही वर्षांत तिथल्या भाषणांचा एक विषय जणू ठरूनच गेला आहे : संसारी बाईने, विशेषतः लहान मुलांच्या आईने, दिवसभरात हाती लागणारी दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटे सत्कारणी कशी लावावीत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन पाने वाचून काढा, मूल झोपले की शिलाईला बसा, एसटीची वाट पाहताना इंग्रजी शब्द पाठ करा, असा तो उपदेश असतो. त्यावर चिडणाऱ्यांचीही आता एक बाजू तयार झाली आहे. तिचे म्हणणे असे, की आधीच थकलेल्या बाईच्या विसाव्यावरही कामाचा डोळा ठेवू नका, तिला जरा नुसते बसू द्या. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजू आईकडेच तोंड करून बोलतात. एक तिला शिस्त लावू पाहते, दुसरी तिला सूट देऊ पाहते. तिच्या त्या पंधरा मिनिटांत हाक कोण मारतो आणि ती हाक थांबवता येईल का, याविषयी मात्र कोणीच काही बोलत नाही.

माझे म्हणणे असे आहे, की थोडका वेळ खरोखरच उपयोगाचा असतो, पुष्कळ उपयोगाचा असतो. पण तो दहा मिनिटांचा आहे की चाळीस मिनिटांचा, यापेक्षा तो मध्येच मोडला जाणार नाही याची हमी आहे की नाही, यावर त्याचा उपयोग ठरतो. आणि ती हमी एकट्या आईच्या हातात नसते. ती घराने द्यायची असते, आणि घराइतकीच ती गावाने, नगरपालिकेने, अंगणवाडीने द्यायची असते. म्हणून आईने वेळेचे नियोजन कसे करावे, हा प्रश्न दुय्यम आहे. तिच्या वेळेची राखण कोण करतो, हा पहिला प्रश्न आहे.

हा भेद कामाच्या अंगाने पाहिला की लगेच ध्यानात येतो. आमच्या गल्लीत घरी ब्लाऊज शिवून संसाराला हातभार लावणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडचे काम नीट पाहिले तर त्याचे दोन भाग पडतात. हुक लावणे, काज करणे, तुरपाई, साडीला हाताने फॉल लावणे हे काम केव्हाही हातात घेता येते आणि केव्हाही खाली ठेवता येते. मूल रडले तर सुई कापडाला टोचून ठेवायची आणि उठायचे, परत आल्यावर पुढचा टाका घालायचा. कटिंगचे मात्र तसे नाही. अस्तर आणि कापड एकमेकांवर बसवून खडूने आखायचे, मापाच्या वहीतले आकडे डोक्यात ठेवायचे, मुंढ्याची गोलाई एका हाताने कापत न्यायची. तिथे मध्येच कोणी हाक मारली आणि कात्री बोटभर आत गेली, तर गिऱ्हाइकाचे पैठणीचे ब्लाऊजपीस वाया जाते आणि भरपाई पदरची द्यावी लागते. म्हणून त्या दिवसभर तुरपाई करतात आणि कटिंग रात्री सगळे झोपल्यावर करतात. म्हणजे ज्या कामाला सगळ्यांत ताजे डोळे हवेत, ते काम सगळ्यांत थकलेल्या वेळी होते. त्यांना दिवसा मिळणारा तुटक वेळ त्या पुरेपूर वापरतात; त्यांना नियोजनाचे धडे देण्यासारखे काही उरलेलेच नाही. त्यांना दिवसा, उजेडात, कोणी हाक मारणार नाही असा अर्धा तास हवा आहे. तो मिळाला तर त्यांच्या धंद्याची वाढ होईल, आणि तो नाही म्हणून त्या वर्षानुवर्षे फॉल-तुरपाईच्या मजुरीवर अडकलेल्या आहेत.

जे शिवणकामात, तेच अभ्यासात. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलेली आई इतिहासाच्या सनावळ्या भाकरी थापताना घोकू शकते. पण हिशेबशास्त्राचे एक उदाहरण ती तीन तुकड्यांत सोडवू शकत नाही, कारण प्रत्येक वेळी पहिल्या ओळीपासून समजून घ्यावे लागते आणि समजेपर्यंत दूध उतू जायची वेळ झालेली असते. असे झाले की आपण म्हणतो, तिला गणितात गती नाही.

आणि मग मोबाइलचा आरोप येतो. बायकांना वेळ मिळतो, पण तो त्या मोबाइलवर घालवतात, असे मेळाव्यातले वक्ते सांगतात आणि समोरच्या बायकाही ओशाळून माना डोलावतात. यात ओशाळण्यासारखे काय आहे? कोणत्याही क्षणी हाक येणार हे ज्या माणसाला पक्के ठाऊक आहे, तो माणूस ज्यातून क्षणात उठता येईल असेच काही हातात घेणार. मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मध्येच सोडला तर काही बिघडत नाही. पुस्तकातला उतारा मध्येच सोडला तर बिघडते. बाई जे निवडते ते तिच्या वेळेच्या जातीला धरून निवडते. तिच्या वेळेला भरवसा आला, तर तिची निवडही बदलेल.

वेळेची असमान वाटणी मोजून झालेली आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे आढळले, आणि जे थोडे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषाची नऊ, म्हणजे पुरुषाने ओझे उचलल्यामुळे ती कमी झालेली नाहीत एवढे तरी उघड आहे. पण या सर्वेक्षणातली मला जास्त बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१९ च्या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडले होते आणि त्या प्रत्येकात किमान दहा मिनिटे चाललेले कामच वेगळे नोंदले जात होते. नळाला पाणी आले का हे उठून पाहणे, पोराचे नाक पुसणे, सासऱ्यांना गोळी देणे, दारावरच्या भाजीवालीला थांबवणे, ही सगळी दोन-चार मिनिटांची कामे अशा नोंदीत कुठेच दिसत नाहीत. आईच्या दिवसाचे तुकडे तर नेमकी हीच कामे पाडतात.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो आमच्याच मातीतला आहे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळणकांडण, शेण-गोवऱ्या, पाणी भरणे करता करता तिने जे अभंग रचले ते सातशे वर्षे टिकले. तिच्याजवळ कुठे मोकळा वेळ होता? आणि एकटी जनाबाई कशाला, जात्यावर बसणाऱ्या अनाम बायांनी रचलेल्या ओव्यांचा साठा एवढा मोठा आहे की संशोधकांनी गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत. मग कामाच्या धबडग्यातही बाई मोठे काम करू शकते, हे सिद्धच झाले की नाही?

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच जात्यावरचा वेळ कसा होता ते नीट पाहू. दळण पहाटे, घर झोपलेले असताना होई. ते दहा मिनिटांत उरकणारे काम नव्हते. घरातली माणसे मोजून, पायलीच्या हिशेबाने, तास-दीड तास जाते फिरत असे. हात गुंतलेले, पण तोंड आणि मन मोकळे; समोर बहुधा दुसरी बाई, नणंद किंवा जाऊ, खुंट्याला हात लावून बसलेली, एकीने ओळ टाकावी आणि दुसरीने ती पुढे न्यावी. आणि मुख्य म्हणजे त्या वेळात तिला कोणी उठवत नसे, कारण पीठ झाल्याशिवाय कोणालाच भाकर मिळणार नव्हती. कष्टाचा वेळ होता, पण रोज ठरलेला, लांब आणि अखंड होता. ओवी तुटक वेळात जन्मली असे म्हणणे ही तिच्या इतिहासाची चुकीची मांडणी आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यावरचे एक मोठे दुःख गेले, ते गेले हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर कोणी न मोडणारा तो एक तासही गेला आणि त्याच्या जागी दुसरा तास देण्याचे कोणाला सुचले नाही. जनाबाईचे उदाहरण देणाऱ्यांनी तिच्या अभंगांत काय घडते तेही ध्यानात घ्यावे. तिथे विठ्ठल येतो आणि जनीबरोबर दळू लागतो. ज्या घरांत तिचे अभंग रोज म्हटले जातात, तिथल्या पुरुषांना हा भाग ऐकू येत नसेल असे मला वाटत नाही.

थोडक्या वेळेचे मोल कामगार चळवळीइतके कोणाला कळले नसेल. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले, त्यात रविवारच्या सुटीबरोबर एक मागणी अशी होती की दुपारी अर्ध्या तासाची सुटी मिळावी. अर्धा तास! पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणाऱ्या माणसांना त्या अर्ध्या तासाची एवढी किंमत का वाटली? भाकर खायला फुरसत त्यांना आधीही कधीमधी मिळत असणार. यंत्र बंद पडले की मिळत असणार, मुकादमाची पाठ फिरली की मिळत असणार. त्यांना मागून घ्यायचा होता तो मुकादमाला मोडता येणार नाही असा अर्धा तास. यंत्र बंद पडल्यावरची पाच मिनिटे कशी वापरावीत, यावर लोखंड्यांनी कामगारांना व्याख्यान दिले नाही. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली आणि आज आपण तिला निसर्गनियम समजतो. त्या रविवारी घरातल्या बाईच्या कामात मात्र भरच पडते, कारण सगळी माणसे घरी असतात.

काही वाचक म्हणतील, गिरणी वेगळी आणि घर वेगळे. घरात लेकरे असतात, म्हातारी माणसे असतात, त्यांना वेळापत्रक कसे लावणार? मान्य. तापाने फणफणलेले मूल आईच्या अर्ध्या तासाची वाट पाहणार नाही, आणि पाहू नये. पण घराला वेळेची मर्यादा पाळता येतच नाही, हे मी मान्य करणार नाही, कारण तीच घरे ती रोज पाळत आली आहेत. आमच्याकडे गावोगाव संध्याकाळी हरिपाठ होतो. हरिपाठाला बसलेल्या माणसाला घरून कोणी चहा साखर कुठे आहे म्हणून विचारायला येते का? मुसलमान घरात नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसाला हाक मारत नाहीत, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते. देवपूजेला बसलेल्या आजोबांच्या आसपास नातवंडे आवाज खाली आणतात. पाच-दहा मिनिटांच्या अवधीचा मान राखणे हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पोरांना ते शिकवायला वर्ष लागत नाही, आठवडा पुरतो. आई पुस्तक घेऊन बसली की मात्र तीच पोरे आणि पोरांचे वडील दर दोन मिनिटांनी येतात, कारण तिथे थांबायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

यापुढचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो बायकांकडूनच येतो. घर सुधारेल तेव्हा सुधारेल, नवरा समजून घेईल तेव्हा घेईल, तोपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसायचे का? आयुष्य तर चालले आहे. याचे उत्तर ‘थांबा’ असे असूच शकत नाही. पण एकटीने चोरून वापरलेली मिनिटे आणि चारचौघांना सांगून घेतलेली मिनिटे यांत फार अंतर आहे, आणि हे अंतर मराठवाड्यातल्या बायकांनी स्वतःच दाखवून दिले आहे. बचत गटाच्या पंचसूत्रीत पहिले सूत्र नियमित बैठकीचे आहे, बचतीचे त्यानंतरचे. ज्या घरांत बाईने शेजारी जायचे तर विचारून जावे लागे, तिथेही ‘आज गटाची मीटिंग आहे’ एवढे वाक्य पुरेसे होऊ लागले. का? वार ठरलेला आहे, वेळ ठरलेली आहे, गैरहजर राहिले तर गट जाब विचारतो आणि दहा-बारा घरांतल्या बायका एकाच वेळी उठतात. एका बाईचा तास मोडणे सोपे असते. दहा बायकांचा मिळून ठरलेला तास मोडायला कोणी धजत नाही. अशाच चार-पाच शेजारणींनी दुपारी दोन ते अडीच हा वेळ अभ्यासाचा, शिलाईचा किंवा नुसत्या वाचनाचा म्हणून ठरवला, आणि तेवढा वेळ लेकरे आळीपाळीने एकीने सांभाळली, तर त्यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागणार नाही. पाळीत ज्या दिवशी लेकरे आपल्याकडे असतील त्या दिवशी आपला वेळ जाईल, पण बाकीच्या दिवसांचा वेळ पक्का होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना पुनर्वसनाच्या कामात उतरवले आणि पुढे दुष्काळाच्या वर्षांत एक एकर शेतीची कल्पना रुजवली. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईने मागून घ्यायचा, त्यात ऊस किंवा सोयाबीन न लावता घरात खाल्ली जाणारी कडधान्ये, धान्य, भाजीपाला घ्यायचा आणि काय पेरायचे ते तिनेच ठरवायचे. राबायला तर ती पूर्वीपासून सगळ्या शेतात राबत होतीच. फरक एवढाच झाला की एका तुकड्यावर तिचा शब्द शेवटचा ठरला, आणि नगदी पीक जळालेल्या साली याच तुकड्याने घराला खायला घातले. वेळेच्या बाबतीत मला हीच मागणी करावीशी वाटते. आईचा सगळा दिवस मोकळा करा असे कोणी म्हणत नाही. त्यातला एक तुकडा तिच्या शब्दाने चालू द्या, आणि त्या तुकड्यात ती काय करते हे विचारू नका.

तिला नुसते बसू द्या म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद इथेच मिटतो. त्या तुकड्यात तिने झोप काढली तरी तो वेळ वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. पण विसाव्याच्या नावाखाली तिची इच्छा काय आहे हे आपणच ठरवून टाकणे मला पटत नाही. कितीतरी आयांना विश्रांतीपेक्षा अपुरा राहिलेला बी.ए.चा शेवटचा पेपर जास्त छळतो. थकलेल्या बाईला स्वप्ने नसतात, हे गृहीतक दयेतून आलेले असले तरी ते तिला लहान करते.

आणि जिच्याजवळ हा तुकडाही नाही तिचे काय? बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून ऊसतोडीला जातात. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, काम दोघांचे असते. बाई पहाटेच्या अंधारात उठून भाकरी करते, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून नेते, आणि गाडी रात्री केव्हा येईल त्याचा नेम नसल्याने मूल पाचटावर निजवून गाडी भरायला उभी राहते. तिला मोकळ्या मिनिटांचा उपदेश करणे अमानुष आहे. गाडी भरण्याची वेळ आधी कळणे, तळावर लेकरांसाठी पाळणाघर आणि पाणी असणे, या तिच्या वेळेच्या मागण्या आहेत आणि त्या कारखान्याकडे करायच्या आहेत. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद केली होती; ऊसतोडीच्या तळावर ती का नसावी?

शहरातल्या आईलाही गाव असेच नाडते. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते संकट सगळ्या देशाने पाहिले. पण त्याआधी आणि त्यानंतर, कित्येक दिवसांनी एकदा आणि तेही अवेळी येणाऱ्या पाण्याने बायकांचा किती वेळ खाल्ला, तो कोणी मोजला नाही. जायकवाडीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरातही घराघरांत कोणीतरी पाण्याची वाट पाहत जागे असते, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा आई असते. पाणी कमी आहे हे तिला कळते. पाणी केव्हा येणार हे आधी न कळल्याने तिचा सगळा दिवस ओलीस राहतो. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री येते, तेही गैरसोयीचेच आहे. पण पाळी आधी माहीत असते म्हणून शेतकरी तिच्याभोवती आपला दिवस बसवू शकतो. नळाच्या पाण्याचे तेवढे तरी पालिकेला का जमू नये? अंगणवाडी ठरल्या वेळी उघडली आणि ठरल्या वेळेपर्यंत चालली, तर तीन ते सहा वर्षांच्या लेकरांच्या आईला रोजचे दोन-तीन तास भरवशाचे मिळतात. ताई आज येणार की प्रशिक्षणाला जाणार हे सकाळी दारात गेल्यावर कळत असेल, तर तेच तास चिंधड्या होऊन परत येतात. यात अंगणवाडी ताईंचा दोष नाही. त्यांच्यावर लादलेल्या सर्वेक्षणांचा आणि अहवालांचा आहे, आणि त्याही बहुधा कोणाच्या तरी आईच असतात.

ग्रामपंचायतीच्या कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. ती कित्येक गावांत कागदावरच होते, आणि झालीच तर सकाळी दहाला, भाकरी-धुण्याच्या ऐन गर्दीत. पुढची ग्रामसभा येईल तेव्हा त्या महिला सभेत तीन गोष्टी ठरावात घ्याव्यात : ही सभा बायकांनी ठरवलेल्या वेळेलाच होईल, पाण्याची पाळी दोन दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि भोंग्यावर सांगितली जाईल, आणि अंगणवाडी ज्या दिवशी बंद राहणार असेल त्याची खबर आदल्या संध्याकाळी घरोघर पोचेल. तिन्हींना मिळून पंचायतीचा खर्च जवळजवळ शून्य येतो.